पाषाणाला पाझर : भंडाऱ्यातल्या बोरिंगची गोष्ट

आमच्याकडे हातपंपाला हातपंप कोणी म्हणत नाही. बोरिंग म्हणतात. ‘बोरिंगवर गुंड ठेवून आले’, ‘बोरिंग बिघडली’, ‘बोरिंग आटली’. शाळेत इंग्रजी शिकल्यावर या शब्दाचा दुसरा अर्थ कळला. मे महिन्याच्या दुपारी चाळीस वेळा दांडा हलवून अर्धी बादली भरणाऱ्या माणसाला तोही अर्थ पटण्यासारखाच होता.

मी सातवीत असतानाची गोष्ट. साकोली तालुक्यातलं आमचं गाव. उन्हाळ्यात एक दिवस दोन गाड्या आल्या. एकीवर पाण्याची टाकी, दुसरीवर इंजिन, पंप आणि जाडजूड नळ्या. माणसांनी चौकातल्या बोरिंगचं डोकं उतरवलं, आतले पाइप आणि सळ्या एकेक करून बाहेर काढल्या. मग लोखंडी नळीला बसवलेला, रबरानं मढवलेला एक लांबट गोळा त्या सहा इंची भोकात सोडायला सुरुवात केली. पोरं गोळा झाली, मग बाया, मग पारावरचे म्हातारे.

“हे गाडी खडक फोडते म्हने जी,” कोणीतरी म्हणालं.

“काहून?”

“फोडून पानी काडते.”

माझे आजोबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “खडकात पानी होता, तं येवडे दिवस कोठी होता?”

तेव्हा सगळे हसले. मलाही तो म्हातारपणीचा खवचटपणा वाटला. पुढे कॉलेजात भूगर्भशास्त्राचं पुस्तक हातात आलं तेव्हा लक्षात आलं, की सगळ्या गोष्टीतला खरा प्रश्न तोच होता. हा लेख म्हणजे त्याचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी खडकाची ओळख. महाराष्ट्राचा दगड म्हटला की शाळेच्या पुस्तकातला काळा बेसॉल्ट आठवतो. पण तो लाव्हाचा थर नागपूरपर्यंतच येतो. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची आहे, आणि तिथून पूर्वेला निघालं की खालचा दगड बदलतो. वैनगंगेच्या खोऱ्यात नाइस, ग्रॅनाइट, शिस्ट, क्वार्ट्झाइट असे फार जुने, दाबून-भाजून कठीण झालेले खडक आहेत. तुमसरकडच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणींतलं मँगनीज याच प्राचीन खडकांतलं. अशा दगडाचा ताजा तुकडा पाण्यात बुडवून ठेवला तरी तो पाणी पीत नाही. वाळूत कणाकणांमध्ये जागा असते, काही बेसॉल्टच्या थरांत बुडबुड्यांची भोकं असतात. इथे तसलं काही नाही.

मग पाणी राहतं कुठं? दोन ठिकाणी. वरच्या काही मीटरांत दगड ऊन-पावसानं कुजून मुरूम झालेला असतो, त्यात. आणि त्याखाली, अखंड दिसणाऱ्या दगडातल्या भेगांत. या भेगा कुठे केसाएवढ्या, कुठे बोटाएवढ्या. एक भेग दुसरीला मिळाली, दुसरी वरच्या मुरुमाला मिळाली, तर बोअरला पाणी. नाही मिळाली, तर दोनशे फूट खोल कोरडं भोक. पाच पावलांवर दुसरा बोअर धो-धो वाहतो आणि पहिल्यात धूळ उडते ती यामुळे. नारळ तळहातावर ठेवून चालणारे पाणाडे आणि पायाळू माणसाला शेतातून फिरवणारे लोक यांचा धंदा याच अनिश्चिततेवर चालत आला. मुरूम जाड असला की नेम लागतो आणि पाणाड्याची कीर्ती होते.

आता गंमत बघा. या जिल्ह्यात पाऊस मराठवाड्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो, साधारण तेराशे मिलिमीटर. पण तो जून ते सप्टेंबरात पडतो आणि कठीण दगडावरून वाहून वैनगंगेला मिळतो. दगड पाणी साठवत नाही, म्हणजे साठवण माणसानं करायला हवी. हे इथल्या लोकांना बोअरची गाडी येण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे तुम्ही ऐकलं असेल. (१ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावबांधसारखे मोठे तलाव तिकडे गेले. जुन्या पिढीच्या बोलण्यात ते अजून भंडाऱ्यातच आहेत.) हे तलाव बांधणारे मुख्यतः कोहळी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे मोठं पुस्तक काढलं, त्यात कोहळ्यांना गोंड राजानं बनारसहून आणल्याची दंतकथा नोंदलेली आहे. चांद्याच्या हीरशहा राजाबद्दलही सांगतात, की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळेल, असा त्याचा नियम होता. दंतकथेचा किती भाग खरा धरायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण जमिनीवर बांधलेल्या पाळी खऱ्या आहेत. दोन टेकड्यांमधली नेमकी चिंचोळी जागा हेरून घातलेली मातीची पाळ, तलावाच्या वर तलाव, त्याच्या खाली बोडी, तिच्या खाली धानाच्या बांध्या. वरचा भरला की सांडवा खालच्याला भरतो.

इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं आणि पुढच्या बंदोबस्तात मालगुजारांना जमिनीचे मालक ठरवलं. तलावही मालगुजाराच्या नावावर लागले. गावाचे पाण्यावरचे हक्क मात्र वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहून ठेवलेले असत : कोणाच्या बांधीला कधी पाणी, पाळीची दुरुस्ती कोणी करायची. ही व्यवस्था काही रामराज्य नव्हती. मालगुजाराची बांधी आधी भिजायची आणि ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही. पण दर उन्हाळ्यात गाळ निघायचा आणि पाळीवर माती पडायची, कारण न टाकल्यास कोणाचं नुकसान होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत आणि सरकारी कागदात त्यांचं नाव आहे ‘माजी मालगुजारी तलाव’. कारकुनांनी त्याचं लघुरूप केलं : मामा तलाव. मला हे नाव फार आवडतं. मामा म्हणजे हक्काचा माणूस, त्याच्याकडे सुट्टीत जायचं आणि येताना काहीतरी घेऊन यायचं. मामाला काय हवं ते कोणी विचारत नाही. पन्नास वर्षं या तलावांचं तेच झालं. गाळ साचत गेला, पोटात अतिक्रमणं झाली, बेशरम वाढली.

आणि याच काळात खडकाला भोक पाडणारं यंत्र आलं.

१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफनं हवेच्या दाबावर चालणारे, कठीण दगडात झपाट्यानं उतरणारे ड्रिल भारतात आणले. हातानं खणून सुरुंग लावत विहीर पुरी व्हायला महिने लागत. या यंत्राला एक-दोन दिवस पुरत. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला, त्याच काळात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. भूवैज्ञानिकांनी जागा दाखवायची आणि गाडीनं बोअर मारायचा, ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत रुजली. सरकारी मराठीत त्याला ‘विंधण विहीर’ असा देखणा शब्द मिळाला. तो सरकारी फळ्यावर राहिला, तोंडात बोरिंगच बसली.

भोक पडलं तरी पाणी वर काढायचं कशानं? सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप परदेशी शेतघरांतल्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबासाठी बनवलेला पंप अख्ख्या गावानं दिवसभर हाणला की आठवड्यात मोडायचा. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य पंप बंद आढळले. यातून वाट निघाली ती महाराष्ट्रातून, ही गोष्ट आपल्याला फारशी कुणी सांगितलेली नाही. जालन्याच्या मिशनच्या कामात आणि नंतर सोलापुरात, ऑस्कर कार्लसन या स्वीडिश कारागिराच्या हातून, पोलादी पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपात दांड्याला एकच खुंट होता आणि सळी साखळीनं उचलली जायची, त्यामुळे झीज कमी. त्याच धर्तीवर युनिसेफ, मद्रासची संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ बनवला, कोइमतूरजवळ त्याच्या चाचण्या घेतल्या, आणि पुढे असे दहा लाखांहून जास्त पंप देशात बसले. आमच्या चौकातला तोच.

या पंपाचं गणित साधं आहे. मिनिटाला चाळीसेक हेलकावे, बारा लिटर पाणी. अडीचशे माणसांमागे एक पंप आणि माणशी दिवसाला चाळीस लिटर हा तेव्हाचा सरकारी मापदंड. म्हणजे दहा हजार लिटर. बारा लिटरनं भागा : जवळजवळ चौदा तास कोणीतरी दांडा हलवत राहायला हवं. आणि त्यासाठी भेगांतून मिनिटाला निदान बारा लिटर पाणी बोअरमध्ये येत राहायला हवं. नाइसमधल्या कितीतरी बोअरना एवढंही जमत नाही. काहींना पहिल्या दिवसापासून जमत नाही. काहींना दहा वर्षं जमतं, मग भेगांत बारीक माती आणि क्षार बसतात आणि धार बारीक होते. अशा बोअरचं काय करायचं, या प्रश्नावर ती गाडी आमच्या गावात आली होती.

तिच्या कामाला सरकारी नाव आहे जलभंजन. पाण्यानं भंजन, म्हणजे पाण्यानं फोडणं. मोबाइलवर ‘हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग’ शोधलंत तर मात्र वेगळंच चित्र दिसेल : अमेरिकेतल्या घरातला नळ, त्याला काडी लावली की पेट घेतो. २०१० च्या ‘गॅसलँड’ या माहितीपटातलं ते दृश्य. दोन्ही गोष्टी एकाच घराण्यातल्या आहेत हे खरं, आणि त्या घराण्याचा मूळपुरुषही तेलाचाच.

एडवर्ड रॉबर्ट्स हा अमेरिकन यादवी युद्धातला अधिकारी. १८६२ साली फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत तोफगोळे पाण्याच्या चरात पडून फुटताना त्यानं पाहिले. पाण्यानं स्फोटाचा जोर दाबून धरला होता. मग हाच जोर तेलाच्या विहिरीत खडकावर का सोडू नये? १८६५ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियात त्यानं विहिरीत बारूद सोडून वरून पाणी भरलं आणि उडवून दिलं. तेल वाढलं आणि रॉबर्ट्सची पेटंटं व खटले सुरू झाले. पुढची पायरी ऐंशी वर्षांनी. १९४७ साली कॅन्सासच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात स्टॅनोलिंड कंपनीनं स्फोट टाळून नुसत्या दाबानं खडक फोडून पाहिला. द्रव होता पेट्रोल, आणि ते घट्ट करायला घातलं होतं नेपाम, युद्धातल्या आगबाँबमधलं. त्या विहिरीचं उत्पादन काही फारसं वाढलं नाही, पण कल्पना टिकली. १९४९ च्या मार्चमध्ये हॅलिबर्टननं ओक्लाहोमा आणि टेक्ससमध्ये तिचा धंदा सुरू केला.

तेलवाल्यांकडून ही युक्ती ग्रॅनाइटच्या मुलखांत पाण्याच्या बोअरवाल्यांनी उचलली, स्वीडनमध्ये, अमेरिकेच्या ईशान्येला. त्यांनी तिच्यातून पेट्रोल काढलं, रसायनं काढली. उरलं ते पाणी आणि दाब. तेलाच्या विहिरी किलोमीटर-किलोमीटर खोल, इथे दोनशे फूट. तिथे लाखो लिटर द्रव, इथे टँकरभर पाणी. म्हणून आमच्या चौकातल्या बोरिंगला कधी आग लागली नाही.

आता तो रबरी गोळा. त्याला पॅकर म्हणतात. बोअरचा वरचा भाग मुरुमातून जातो, तिथे केसिंग पाइप असतो. पॅकर त्याच्या बराच खाली, पक्क्या दगडात नेतात आणि फुगवतात. तो बोअरच्या भिंतीला बुचासारखा घट्ट बसतो. मग नळीतून बुचाच्या खाली पाणी दाबायचं. दाबाचा काटा चढत जातो. मोटारीच्या टायरमध्ये हवा चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलोच्या दाबानं असते. इथे पन्नास, ऐंशी, शंभर किलो आणि त्याहूनही पुढे. माणसं काट्याकडे बघत असतात. आणि मग काटा एकदम पडतो.

तो पडण्याचा क्षण म्हणजे सगळं. पाण्याला कुठेतरी वाट मिळाली. आवाज होत नाही, जमीन हादरत नाही. आम्ही पोरं मोठ्या धमाक्याच्या आशेनं कानात बोटं घालून उभी होतो, आमची घोर निराशा झाली. बहुतेक वेळा दगड नव्यानं फुटतही नाही. आधीच असलेल्या बारीक भेगा ताणल्या जातात, त्यांतली माती धुऊन निघते, एकमेकींपासून तुटलेल्या भेगा जोडल्या जातात. तेलवाले भेग मिटू नये म्हणून तिच्यात वाळू कोंबतात. इथे सहसा तेवढीही गरज पडत नाही. खडबडीत दगडाचे दोन काठ जरा सरकले की परत नेमके जुळत नाहीत, फट राहते. मग पॅकर आणखी खाली नेऊन तेच पुन्हा. शेवटी कॉम्प्रेसरनं हवा मारून गढूळ पाणी बाहेर काढायचं.

काटा पडलाच नाही, असंही होतं. किंवा पडतो, पण उघडलेली भेग कोरड्या दगडातच संपते. पॅकर फार वर बसवला तर दाबाचं पाणी मुरुमातून वर येतं आणि गावच्या गटाराची, उकिरड्याची घाण बोअरला जोडली जाते. त्यामुळे खोलीचा नियम पाळावा लागतो. शिवाय नव्या भेगेतून पाणी जास्त येईल, चांगलंच येईल असं नाही. फ्लोराइड आढळणाऱ्या जिल्ह्यांच्या यादीत भंडाऱ्याचंही नाव आहे, म्हणून पाणी वाढलं की ते तपासायला हवं. ही शेवटची पायरी गाड्यांच्या घाईत गळते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती यंत्राबद्दल नाही. दर उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत टंचाईचा आराखडा होतो. त्यातले शब्द पाठ व्हावेत असे आहेत : विहीर अधिग्रहण, बुडक्या घेणे, विंधण विहिरींची विशेष दुरुस्ती, टँकर. सगळे उपाय पाणी काढण्याचे, मे महिन्यात करायचे. जलभंजनही याच घाईत येतं. भेग उघडणं म्हणजे दार उघडणं. दारामागे पाणी किती, हे मागच्या पावसाळ्यात ठरून गेलेलं असतं. नाइसच्या भेगांची साठवण मुळात इवलीशी. बोअरमध्ये येणारं पाणी वरच्या मुरुमातून झिरपतं, आणि मुरूम भरतो पावसानं आणि जिथे तलाव आहे तिथे तलावानं. तळाला चिकणमातीचा गाळ बसला की झिरपणंही मंदावतं. जुन्या लोकांना हे आकडे माहीत नव्हते, पण पाळीखालच्या विहिरीला पाणी टिकतं हे माहीत होतं. जुन्या विहिरी तिथेच खणलेल्या सापडतात.

त्यात आता भर उन्हाळी धानाची. पूर्वी इथे पावसाळी धान एकच. आता विजेचे पंप आहेत, खोल बोअर आहेत, आणि ज्याच्या शेतात पाणी लागलं तो फेब्रुवारी-मार्चमध्येही बांधी पाण्यानं भरून ठेवतो. त्याला दोष तरी काय द्यायचा? एका पिकावर घर चालत नाही. पण खडकातल्या भेगा सातबारा बघत नाहीत. शेतातला पाच अश्वशक्तीचा पंप आणि चौकातला दांडा एकाच भेगेवर असतील तर कोण आधी कोरडा पडेल, हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नाही. राज्याचा नवा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. खोल बोअरवर बंधनं घालण्याची तरतूद त्यात आहे. आमच्या शिवारात बोअरची गाडी अजून रात्रीच येते.

आता चौकातल्या बोरिंगचं काय झालं ते सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला, राखाडी पाण्याचा फवारा घरांच्या कौलांपर्यंत उडाला आणि पोरं त्यात नाचली. मग एकानं बादली लावली, दुसऱ्यानं घड्याळ धरलं. बादली किती सेकंदांत भरली ते वहीत लिहिलं गेलं. आकडा मला आठवत नाही, पण माणसं खूश होती. दुसऱ्या दिवशी पंपाचं डोकं परत बसलं. त्या मे महिन्यात आईला पहाटे चारला उठावं लागलं नाही. पुढचे काही उन्हाळेही बरे गेले. मग एक वर्ष पाऊस कमी झाला, तलाव दिवाळीतच अर्ध्यावर आला, आणि एप्रिलमध्ये दांडा हलका लागायला लागला. बोरिंगचा दांडा हलका लागणं ही आमच्याकडे वाईट बातमी असते. ऑगस्टमध्ये तलाव भरल्यावर तो परत जड झाला. कोणी काही दुरुस्त केलं नव्हतं.

“आला का गा पानी?” आजोबांनी तेव्हा विचारलं होतं. मी हो म्हटलं. त्यांनी पाळीच्या दिशेनं पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

आता त्याच बोअरवर सौर पंप बसला आहे. आत पाणबुडी मोटर, वर पाच हजार लिटरची टाकी, घराघरांत नळ, आणि हातपंपही तसाच ठेवलेला. दोन्ही एकाच भोकातून पाणी घेतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली. गेल्या वर्षी आमच्या मामा तलावातलाही थोडा गाळ निघाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांध्यांत रिकाम्या झाल्या. मधोमधचा भाग अजून तसाच आहे, तिथे यंत्र रुतलं होतं. गेल्या मे महिन्यात गेलो होतो. सकाळी टाकी भरून वाहत होती. दुपारी तीनच्या सुमारास मोटर हवा ओढायला लागली आणि आपोआप बंद पडली. शेजारच्या काकूंनी नळ फिरवून पाहिला, गुंड उचलला आणि बोरिंगवर गेल्या. दोन-तीन हेलकावे कोरडे गेले. मग दांडा जड झाला.